बाटलीवरच्या रेघा

आमच्या घरी हात धुण्याचा साबण फेसाच्या बाटलीतून येतो. बाटली साधी आहे, पारदर्शक प्लास्टिकची. आत पाहिलं तर पाण्यासारखं पातळ काहीतरी असतं, पण वरचा पंप दाबला की तळहातावर पांढरा, दाट फेस उतरतो. संपली की फेकायची नाही, पुन्हा भरायची. एक भाग पातळ साबण, चार भाग पाणी. आधी पाणी घालायचं, मग साबण, आणि जोरात हलवायचं नाही, नाहीतर भरतानाच फेस होऊन बाटली उतू जाते. हे सगळं मी स्वतः करून शिकलो आणि भरण्याचं काम माझ्याकडेच ठेवलं. दुसऱ्या कोणी भरलेली मला चालत नसे.

बाटली आणली ती मुलीच्या बाळंतपणात. पहिलं बाळंतपण म्हणून ती आमच्याकडे आली होती. नातू दिवस भरण्याआधीच झाला, वजनाला कमी. आदिलाबादच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. त्या तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. बाळाला उचलण्याआधी प्रत्येकाने, प्रत्येक वेळी, साबणाने हात धुवायचे. याच्या अंगात अजून झुंजायची ताकद नाही, म्हणाल्या. सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या. ते काम माझ्यावर सोपवलं आहे असं मी समजलो.

साबणाची वडी होतीच. पण वडीवरून काही कळत नाही. ती ओली असते, झिजत जाते, हात कोणी धुतले आणि कोणी नाही हे ती सांगत नाही. बाटली सांगते. मी काळ्या मार्करने तिच्यावर सारख्या अंतरावर आडव्या रेघा मारल्या. बाळाला दिवसभरात साधारण किती वेळा उचललं जातं, दूध, लंगोट, मालीश, आंघोळ, हे धरलं. एका वेळी पंप दोनदा दाबायचा. त्यावरून काढलं की सकाळी एका रेघेवर असलेला साबण संध्याकाळी पुढच्या रेघेला टेकला पाहिजे.

बायकोला हे पटलं नाही. बाळ थंडीतलं, आणि आमच्याकडच्या थंडीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी हाताला चावतं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी होती, तिच्यात ओव्याची धुरी. आमच्यात बाळाला घेण्याआधी दोन्ही तळवे निखाऱ्यावर शेकायची रीत आहे. ती म्हणाली, असल्या पाण्यानं हात धुऊन लेकराला लावला तर सर्दी होईल. मी म्हटलं, धुवा, पुसा, मग शेका. थोडी वादावादी झाली. शेवटी ती म्हणाली, "करा तुमच्या मनासारखं," आणि उठून गेली. मी ते मान्य केलं असं धरून चाललो.

पहिल्या संध्याकाळी साबण रेघेपासून जेमतेम हलला होता. त्या दिवशी मी खूप बोललो. बायको रडली, मुलगी मान खाली घालून बाळाला पाजत राहिली. दुसऱ्या दिवसापासून मात्र साबण नीट उतरू लागला. बघायला पाहुणे आले की त्या दिवशी थोडा जास्तच. ते पाहून माझी उरलीसुरली शंका गेली. बोलल्याचा उपयोग झाला म्हणायचं.

मी जिनिंगच्या काट्यावर काम करतो. कापसाची गाडी आली की ओलावा पाहायचा, वजन घ्यायचं. वरून सुका आणि आत पाणी मारलेला कापूस मी गाडीत कोपरापर्यंत हात घालून ओळखतो. तिथे मला कोणी सहसा फसवत नाही. घरी मी फक्त रेघ पाहिली.

मग नातवाला जुलाब लागले. रात्रीतून डोळे खोल गेले, रडण्याचा आवाज बारीक झाला. सकाळीच गाडी करून आदिलाबाद गाठलं. त्याच्या इवल्या हाताला सुई लावली आणि त्याला काचेआड नेलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून विचारलं, घरात सगळे हात धुतात का. मी म्हटलं, हो. त्यांनी पुन्हा विचारलं, प्रत्येक वेळी? मी त्यांना बाटलीचं सांगितलं, रेघांचं सांगितलं, पाहुण्यांच्या दिवशी जास्त उतरतो तेही सांगितलं. याची हमी मी घेतो, म्हटलं. माझ्या एका बाजूला बायको होती, दुसऱ्या बाजूला मुलगी. दोघी काही बोलल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि मग त्या पिण्याच्या पाण्याकडे, वाटी-चमच्याकडे वळल्या.

नातू बचावला. घरी आणला तेव्हा तो आणखी हलका वाटत होता. हात धुतले जात होते, भांडी उकळली जात होती, मग हे झालं कशाने, हा प्रश्न मला सोडेना. विचार करता करता मी माझ्याच प्रमाणावर येऊन थांबलो. चार भाग पाणी जास्त होत असेल. फेस तर पातळ साबणाचाही छान येतो, पण त्यात साबणच कमी असेल तर? म्हणजे बाळाला आजारी पाडणारा मीच. कामावर माझं लक्ष लागेना. जेवण जाईना. हे मी घरात बोललोही. बायकोसमोर, मुलीसमोर. माझ्या पाण्यानं पोराचा जीव जात होता, असंच म्हटलं. पंप खोलून तो गरम पाण्यात टाकला, नळी काढून धुतली आणि नव्याने बाटली भरताना पाणी निम्मं केलं. मुलगी दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "जेवून घ्या ना, बाबा." एवढंच.

असल्या पंपात दाट साबण चालत नाही, तो अडकतो. ते मला नंतर कळलं.

एका दुपारी जिनिंगमध्ये मशीन बंद पडलं, गाड्या परत गेल्या आणि मी लवकर घरी आलो. मुलगी बेसिनपाशी पाठमोरी होती. तिने बाटलीचं झाकण काढलं होतं आणि ती साबण बेसिनमध्ये ओतत होती. थोडा ओतायचा, बाटली डोळ्यासमोर धरून रेघ बघायची, पुन्हा थोडा ओतायचा. शेवटचे थेंब तर तिने बोटाने अडवून सोडले.

मी विचारलं, "हे काय करून राह्यली?"

तिने बाटली लपवली नाही. "पंप दबत नाही, बाबा," ती म्हणाली.

"म्हणून ओतून राह्यली?"

तेवढ्यात बायको नातवाला खांद्यावर घेऊन खोलीतून बाहेर आली. बेसिनमध्ये साबण, माझ्या मुलीच्या हातात बाटली, आणि मी. तिला सगळं कळलं.

"तिच्यावर नका चिडू," ती म्हणाली. "मीच नाही धुत होती. इस्तवावर शेकलेल्या हाताले काय चिकटून राह्यते? माया मायनं असंच केलं, मी असंच केलं. हे पोरगी नाही वाढली काय?"

"मंग मले सांगाचं होतं."

"सांगतलं होतं. तुमी आयकलं नाही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. स्वयंपाक झाला, झाडलोट झाली की बायको हात धूत होती. पण बाळाला घेताना दरवेळी धुणं तिला जमलं नाही, पटलंही नाही. ती तळवे शेकायची आणि बाळाला उचलायची. माझ्या त्या पहिल्या संध्याकाळच्या बोलण्यानंतर घरात रोज भांडण नको म्हणून मुलीने उपाय काढला. ती स्वतः धुवायची, आणि आईच्या वाटचा पंप दाबून फेस बेसिनमध्ये सोडायची. किती वेळा दाबायचं हे तिने माझ्यासारखंच मोजून काढलं होतं. पाहुणे आले की वाढवायचं, हेही तिलाच सुचलं. आकडेमोड मीच शिकवलेली पोरगी. शाळेत असताना सुटीच्या दिवशी तिला काट्यावर शेजारी बसवून बेरजा करायला लावायचो. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असं काही केलं असतं तर मी तिचं कौतुक केलं असतं.

बायकोचा मला त्या दिवशी राग आला, पण तिची गोष्ट मला समजत होती. तिचा निखाऱ्यावर विश्वास होता. मुलीचा नव्हता. ती शिकलेली आहे, डॉक्टरीणबाई काय म्हणत होत्या ते तिला माझ्याहून जास्त कळलं होतं, आणि बाळ तिचं होतं.

मी तिला विचारलं, "डॉक्टरीण इचारत होती तवा काऊन नाही बोलली?"

ती बाटलीकडे बघत होती. "तुमीच बोलून राह्यले होते, बाबा. इतक्या खात्रीनं. मंग मी काय सांगू?"

"अन् मी पंप उकळून राह्यलो होतो, तवा?"

याचं उत्तर तिने दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही.

जुलाब हात न धुतल्यानेच झाले असं डॉक्टरीणबाईंनी कधी म्हटलं नाही, म्हणून मीही म्हणत नाही. पाण्यानेही होतात, आणखीही कशाने होतात. पण तिथे मी खोटी हमी दिली, आणि ती खोटी आहे हे माझ्या दोन्ही बाजूंना माहीत होतं. त्यानंतर मी माझ्या हाताने भरलेल्या पाण्यात दोष शोधत बसलो, तेही त्यांनी पाहिलं. माझं जेवण सुटलं हे मुलीला दिसलं, म्हणून ती जेवा म्हणाली. खरं सांगितलं असतं तर मी जेवलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी रॉडने पाणी तापवून बेसिनजवळ झाकणाची बादली ठेवली. गरम पाण्याने बायको तक्रार न करता हात धुऊ लागली. "हे पयले काऊन नाही सुचलं तुमाले?" असं तिने मला हसून विचारलंही. तिचं बरोबर होतं. पण मी मुलीला जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं. मी चिंधीला थोडं रॉकेल लावून बाटलीवरच्या रेघा पुसल्या. मग काही दिवस मी कामावर जाण्याआधी खोलीच्या दाराशी उभा राहून त्यांना हात धुताना प्रत्यक्ष बघायचो. मला ते आवडत नव्हतं. त्या दोघींनाही आवडत नव्हतं.

नातू बाळसं धरू लागला. थंडी ओसरल्यावर जावई आले आणि मुलगी सासरी गेली, पैनगंगेपलीकडे, यवतमाळच्या बाजूला. जाताना पाया पडली, रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आता ती दर दोन-चार दिवसांनी फोन करते. आईशी बोलते, मग मला मागते. नातू पालथा पडला, त्याने आज भाताची पेज खाल्ली, असं सांगते. आणि मी न विचारताच म्हणते, "हात धुऊनच घेतो बाबा आमी त्याले, सगळे." ते खरंच असेल. तिच्या आवाजात काही वेगळं नसतं. पण दवाखान्यात माझ्या शेजारी बसली होती तेव्हा तिच्या तोंडावरही काही वेगळं नव्हतं. मी "बरं" म्हणतो आणि तिकडे पाऊस आहे का ते विचारतो.