शेवटचा चमचा

आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी हडपसरच्या एका कंपनीत लहान मुलांची पातळ औषधं बनवते. सरबत दिलं तरी आधी पेला उजेडात धरते, मगच पिते. हिच्या वयाची असताना मी पाण्यात कापूर विरघळेल म्हणून तासभर ढवळत बसले होते, आणि वर पाण्यालाच नावं ठेवली! ही म्हणते, "आजी, जोर लावून होत नाही. दोघांशी पटणारं कुणीतरी मध्ये घालावं लागतं."

परवा जिन्यात ती फोनवर साहेबांना सांगत होती, "नाही सर, औषध तळाशी बसतंय. शेवटचा चमचा घेणाऱ्या बाळाला जास्त डोस जाईल. मी सही करणार नाही."

तिने फोन ठेवताच मी विचारलं,

"नोकरी गेली तर गं?"

"दुसरी शोधेन, आजी."

साहेबांनी सगळं औषध नव्याने करायला सांगितलंय. सोसायटीत मी ज्याला त्याला थांबवून सांगते, ती आमच्या बिल्डिंगमधली!