यावच्चंद्रदिवाकरौ

“सही नंतर. आधी अर्थ सांगा,” असं म्हणून बाई खरेदीखतावर लाकडी पट्टी आडवी ठेवायच्या.

ऐंशीच्या दशकात बोरीवलीत एका वकिलांकडे आम्ही दोघं कामाला होतो. बाई मराठी टायपिस्ट, मी कारकून. बाई मूळच्या देवगडकडच्या, भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. टाइप केलेला दस्त जमीन विकणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा, हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच अंगावर घेतलं होतं. वकीलसाहेब घाई करू लागले की म्हणायच्या, “वाचतेय ना मी.” साहेब घड्याळ बघत थांबायचे. इतकं बिनचूक टाइप करणारं माणूस सहजी मिळत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

एकदा गोराईकडचे एक म्हातारे भाजीपाल्याची वाडी विकायला आले. सोबत पुतण्या, व्यवहार त्यानंच जुळवलेला. वाचता वाचता बाई ‘यावच्चंद्रदिवाकरौ’पाशी थांबल्या आणि अर्थ विचारला. म्हाताऱ्यांनी हात जोडले. त्यांना वाटलं, देवाचं नाव आहे. पुतण्या म्हणाला, तसं लिहायची पद्धतच असते, पुढं वाचा.

त्याच्याकडे न बघता बाई म्हणाल्या, “बाबा, आकाशात चंद्रसूर्य आहेत तोवर जमीन घेणाऱ्याची. तुमची नाही, तुमच्या नातवंडांचीही नाही.”

“म्हंजे परत मिलायची नाय?”

“नाही.”

म्हाताऱ्यांनी शाईचं पॅड मागं सारलं. दहा वर्षांनी जमीन परत येते, असं पुतण्यानं त्यांना सांगितलं होतं. ते त्यांच्याच तोंडून तेव्हा आम्हाला कळलं. घरात विचारतो म्हणून ते उठून गेले.

साहेब बाईंना खूप बोलले. बाईंनी ऐकून घेतलं, पण दुपारी डबा उघडला नाही. मला एवढंच म्हणाल्या की शब्द मी टाइप केलाय, तर अर्थही मीच सांगायला हवा.

आठवड्यानं म्हातारे बायकोला घेऊन आले. वाडी विकली, पण राहतं घर आणि विहीर दस्तातून वगळायला लावली. बाईंनी सगळा दस्त नव्यानं टाइप केला, नव्यानं वाचला. या वेळी अर्थ म्हातारीनं सांगितला. “म्हंजे आता कायमची गेली.” बाईंनी मान हलवली आणि अंगठ्यासाठी पॅड पुढं केलं.

पुढं दोन-तीन वर्षांनी बाई खोली सोडून गावी भावाकडे गेल्या. मग आम्ही दस्त लोकांच्या हातात वाचायला देऊ लागलो. ते पानं उलटायचे आणि सही करायचे. मीही कुणाला थांबवलं नाही.

एक दिवस गोराईची ती म्हातारी विहिरीवरच्या वांग्यांची टोपली घेऊन आली. “ती वाचनारी बाई कुठं हाय?” मी सांगितलं, गावी गेल्या, आता येणार नाहीत. ती बाकावर जरा टेकली, पाणी प्यायली आणि टोपली उचलून परत गेली.