एका शब्दाची नऊ वर्षं

माझी आत्या शब्दकोशाच्या कचेरीत होती. इंग्रजी-मराठी मोठा कोश व्हायचा होता आणि साहेबांनी तिच्या वाट्याला एकच शब्द दिला: 'रन'. धावणे, की झालं काम, असं आम्हाला घरी वाटलं. तिला नऊ वर्षं लागली. बाबा म्हणायचे, एवढ्या वेळात माणूस पृथ्वीला प्रदक्षिणा घालून येतो, तीही पायी.

आत्या हसून सोडून द्यायची. आपल्याकडे नाक गळतं, नळ वाहतो, दुकान चालतं, कपड्याचा रंग जातो आणि निवडणुकीला माणूस चक्क उभा राहतो. इंग्रजांचं हे सगळं त्या एका शब्दात धावतं. दर अर्थाला एक कार्ड, कार्डावर एक वाक्य आणि शेजारी त्याचं इंग्रजी. वाक्यं ती बनवायची नाही, आजीच्या तोंडून उचलायची. आजी अंथरुणाला खिळली होती, पण जीभ शाबूत होती. "नळ बंद कर, पाणी काय तुझ्या बापाचं आहे?" हे बाबांना ऐकवलेलं वाक्य जसंच्या तसं कार्डावर गेलं. आजी गेली तेव्हा कार्डं एकशे चाळीसवर पोचली होती. त्यानंतर आत्याला एकच हवं होतं: ती छापून यावीत, म्हणजे आईचं बोलणं कुठेतरी राहील.

शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण बसायची. वीस वर्षं दोघी एका डब्यात जेवल्या. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिची स्वतःची आई लहानपणीच वारलेली, म्हणून ती आजीलाच आई म्हणायची आणि आजी तिला धाकटी. आत्याची कार्डं तपासायचं काम तिचंच. डोळ्यांचं कारण सांगून तिनं नोकरी सोडली तेव्हा आत्याला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

वर्षभरानं दुसऱ्या प्रकाशकाचा कोश आला, मावशीच्या नावाचा. आत्यानं कौतुकानं विकत आणला आणि आधी 'रन' काढला. दोन-तीन वाक्यं वाचून तिनं चष्मा उतरवला नि मला म्हणाली, तू वाच. नळाच्या अर्थाखाली आजी बोलत होती. पुढच्या पानावरही आजीच. प्रस्तावनेत लिहिलं होतं की उदाहरणं लेखिकेच्या आईच्या बोलण्यातली आहेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांनी तर कमालच केली. आता आपणच चोर ठरू, सगळी वाक्यं बदला, असं त्यांनी आत्यालाच सांगितलं. त्या संध्याकाळी ती मला घेऊन मावशीकडे गेली.

मावशीनं दार उघडलं. नजर चुकवली नाही.

"तुझं काम कधी संपलंच नसतं," ती म्हणाली. "मी छापलं म्हणून लोकांना मिळालं. आणि तीही माझी आईच होती."

आत्या उंबऱ्याबाहेरच उभी होती. इतकं शांत बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"शेवटचे सहा महिने ती रोज विचारायची, धाकटी का येत नाही. ते वाक्य मी कार्डावर उतरवलं नाही. म्हणून तुझ्या कोशात नाही ते."