दुसऱ्या फौजेचा कोट

मुलाकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा अ‍ॅशबर्नमध्ये आधी नजरेत भरल्या त्या बिनखिडक्यांच्या लांबलचक इमारती. मला दारूगोळ्याची कोठारं वाटली. सून केतकी गाडी चालवता चालवता म्हणाली, "डेटा सेंटर्स आहेत, बाबा." चोवीस वर्षं पायदळात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला कोठारंच दिसणार.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या नव्या पँटी आखूड करायला ती मला तासाभरावरच्या व्हिएतनामी बाजारात घेऊन गेली. आधी आम्ही फो (तांदळाच्या शेवयांचं गरम सूप) घेतलं. त्यातली मिरची मी भाजी समजून चावली. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी बर्फाचं पाणी पुढे सरकवलं.

शिंपी होते हुंग नावाचे सत्तरीचे गृहस्थ. माप घेताना त्यांनी मान वर केली. "सोल्जर?"

"इंडियन आर्मी. कसं ओळखलंत?"

"उभे राहा म्हटलं, तर तुम्ही सावधान झालात." मग म्हणाले, "मीही होतो. साउथ व्हिएतनाम. आता तो देशच नाही."

मोडक्या इंग्रजीत आम्ही बोलत राहिलो. त्यांचे वडीलही शिंपी. आधी फ्रेंचांच्या हाताखालच्या शिपायांचे कपडे शिवायचे. फ्रेंच गेले, अमेरिकन आले. "कपडे त्यांच्या मापाचे यायचे. वडील बाह्या कापायचे, मी टिपा घालायचो. बूट मात्र कापता येत नव्हते." पुढे हुंगही भरती झाले. "त्यांनी आम्हाला त्यांच्यासारखं लढायला शिकवलं. हेलिकॉप्टर, तोफा. मग ते निघून गेले. तेल कमी, गोळे कमी."

"म्हणजे त्यांच्यामुळे हरलात?"

त्यांनी मापाची टेप गुंडाळली. "तसं म्हटलं की झोप लागते. पण आमचे काही अधिकारी फक्त कागदावर असलेल्या शिपायांचा पगार खात होते. तेही खरं." शेवटच्या दिवशी उत्तरेच्या फौजेनं राजधानी सायगॉन घेतली, तेव्हा पकडले जाऊ नये म्हणून शिपायांनी टाकलेल्या वर्द्या रस्ताभर पडल्या होत्या. त्यांनीही आपली काढून टाकली आणि बनियनवर घरी चालत गेले.

मागे वर्दीचा एक हिरवा कोट टांगला होता, अमेरिकेत आल्यावर नव्यानं शिवलेला. त्यांचा दोस्त बिन्ह परवा वारला होता. उद्या दफन. घरच्यांना त्याला वर्दीतच निरोप द्यायचा होता. आजारपणात तो वाळला होता, जुनं माप उपयोगाचं नव्हतं.

"शेवटी तो तुमच्याच अंगलटीचा झाला होता," हुंग म्हणाले. "दोन मिनिटं घालाल?"

केतकी हळूच म्हणाली, "बाबा, ऑकवर्ड वाटत असेल तर मी नाही सांगते."

मी घुटमळलो. आयुष्यभर एकच वर्दी अंगावर चढवली होती. दुसऱ्या फौजेची घालणं मनाला पटेना. पण ती फौज आता कुठे होती? मी स्वेटर काढला.

हुंग खाली बघूनच टाचण्या लावत होते. शेवटचं बटण लावून त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. मी तसाच ताठ उभा राहिलो. मग बाहीला टाचणी लावत ते म्हणाले, "बाही अर्धा इंच."

"तुमची वर्दी?" मी विचारलं.

"शिवलीच नाही. बिन्हनं टाकली नव्हती. त्यापायी कित्येक वर्षं कैदेत काढली त्यानं. मी रस्त्यात टाकलेली पुन्हा कुठल्या तोंडानं घालू?"

दुसऱ्या दिवशी केतकी मला दफनाला घेऊन गेली. म्हातारे शिपाई वर्दीत आले होते. पेटीवर तीन तांबड्या पट्ट्यांचा पिवळा झेंडा होता. हुंग साध्या काळ्या सुटात पेटीला खांदा देत होते. माझ्या डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून सॅल्यूट करता आला नाही. मागच्या रांगेत सावधान उभा राहिलो.

फलटणला परतून महिना झाला. आमच्या फौजेलाही गोऱ्या साहेबानंच कवायत शिकवली. तो गेल्यावर आमच्यामागे आमचा देश उभा राहिला, त्यांच्यामागे दुसरा साहेब. यात माझं कर्तृत्व काही नाही. मी इथं जन्मलो, हुंग सायगॉनजवळ.

माजी सैनिकांच्या बैठकीत एका जुन्या सोबत्यानं विचारलं, "परक्या, हरलेल्या शिपायाच्या मयताला तू कशाला गेलास?"

मी म्हणालो, "त्याच्या कोटाचं माप माझ्या अंगावर घेतलं होतं."