मी मेल्याची बातमी

त्या दिवशी नांदेडच्या तालमीत डायरेक्टर, पेटीवाला, सुनेचं काम करणारी पोरगी अन् माझ्या जागी घेतलेली नवी सासू, एवढे जण होते. अन् दारात मी, लातूरच्या येष्टीतून उतरून आलेली.

झालं असं, उदगीरची एक म्हातारी नटी वारली अन् कुण्या शहाण्यानं कलाकारांच्या ग्रुपवर फोटो माझा टाकला. सगळ्यांनी फुलं वाहिली. घरी एकाचाबी फोन न्हाई.

"आजी, तुम्ही जिवंत हाव?" डायरेक्टर उठूनच उभा राहिला.

"मग काय तेराव्याचं जेवायला आले का?"

पेटीवाला म्हणला, "मी तर दोन फुलं टाकली, आजी."

"पण आता ह्या बाईंचं पाठांतर झालंय," डायरेक्टर म्हणला. "परवा तर प्रयोग हाय."

नवरा गेला, गळ्याचं आपरेशन झालं, तरी मी प्रयोग चुकवला न्हाई. अन् एका फोटोनं माझं काम गेलं. वरून म्हणतो, "पडद्यामागून देवीचा आवाज तेवढा द्या." दिला. घरी बसून काय करू?

बाबांनो, फोनवर फुलं वाहायच्या आधी एकदा त्या माणसाच्या घरी फोन लावत जा.