परमुलखातला उतारा

तापीच्या पाण्यावर वाढलेली जसोदा एक दिवस अमेरिकेत चूल मांडेल, असं तिच्या माहेरी कुणी थट्टेतही म्हटलं नसतं. प्रकाशा तीर्थाजवळचं गुजरांचं गाव, काळी जमीन, कपाशी आणि केळी. लग्न होऊन ती गेली तीही शहाद्याच्या बाजूला, तशाच गावात, तशाच मातीत. नवरा रतिलाल शिकलेला होता, एवढाच काय तो फरक. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून तो कपाशीच्या वाणांचं वेड घेऊन परतला आणि पुढे शिष्यवृत्ती मिळवून ओक्लाहोमातल्या एका लहान गावी शिकायला गेला. वर्षभराने, सदुसष्टच्या उन्हाळ्यात, त्याने बायकोमुलाला बोलावून घेतलं.

मुलाचं नाव लोटन. त्याच्या आधीची जसोदाची दोन बाळं पाळण्यातच गेली होती. म्हणून तिसऱ्या खेपेला सासूने, तापीबाईंनी, बाळाला सुपात घातलं, सूप उंबऱ्याबाहेर लोटलं आणि कुणा परक्याचं पोर उचलावं तसं त्याला परत घरात घेतलं. नावही तेच ठेवलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण वळून बघत नाही, अशी त्यांची खात्री होती. निघताना त्यांनी जसोदाच्या ट्रंकेत उडदाची डाळ बांधून दिली आणि गाडी हलेपर्यंत एकच सांगत राहिल्या, "लोटनले जप. तठे तुन्हं कोनी नही."

ऑक्टोबर संपता संपता लोटनला ताप भरला. डॉक्टरने घसा पाहिला, गुलाबी रंगाचं औषध दिलं. ताप औषधाने उतरायचा, दुपार कलली की पुन्हा चढायचा. आधी पोर कुरकुर करत होतं, पाणी दे, गोष्ट सांग म्हणत होतं. मग त्याने काही मागणंच सोडलं. जसोदाला ती शांतता ओळखीची होती. दोनदा ऐकली होती तिने.

त्या वर्षी काळी चौदस ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी आली. त्यांच्या घरात त्या संध्याकाळी उडदाचे वडे तळायचे, घरातल्या माणसांवरून ओवाळून चौकात नेऊन ठेवायचे आणि भोवती पाण्याचं रिंगण ओढायचं, अशी चाल होती. घरातली इडापिडा वड्यांबरोबर बाहेर जाते. ती जाईपर्यंत दारात एक दिवा ठेवायचा. रतिलाल कॉलेजच्या शेतावर कपाशीच्या वेचणीला गेला होता, उशिरा येणार होता. जसोदाने डाळ वाटली, वडे तळले आणि लोटनवरून ओवाळले. ओवाळताना तिने देवाला काही म्हटलं नाही. वड्यांनाच म्हटलं, घेऊन जा.

मग तिने पायरीवर मुरंब्याच्या बाटलीच्या झाकणात तेलाचा दिवा लावला, शेजारी वड्यांचं ताट ठेवलं आणि रिंगणासाठी पाणी आणायला आत गेली.

त्या देशात त्याच संध्याकाळी हॅलोवीन असते. पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात, आणि ज्या दारात दिवा असेल ते दार आपल्यासाठी उघडं आहे असं समजतात. हे जसोदाला कुणी सांगितलं नव्हतं. रतिलालला ठाऊक होतं. सांगायचं राहून गेलं.

घंटी वाजली. तिला वाटलं, रतिलाल आला. तिने दार उघडलं.

दारात हाडं उभी होती. काळ्या अंगावर पांढऱ्या बरगड्या, वर कवटी. तिच्या मागे हिरव्या तोंडाची, वाकड्या नाकाची एक बाई आणि पायाशी पांढरी चादर, चादरीला दोन भोकं. तिघांनी मिळून काहीतरी ओरडून तिच्यापुढे पिशव्या पसरल्या.

जसोदाने दोन्ही हात चौकटीला लावून दार अंगाने भरून टाकलं. आतली खाट यांना दिसता कामा नये. यांना लोटनचं नाव ठाऊक असेल का, पुसटसं तिच्या मनात आलं. हा आमचा नाही, टाकून दिलेला आहे, हे यांना कुठल्या भाषेत सांगायचं?

मग तिची नजर खाली गेली. चादरीखालून लाल रबरी बूट दिसत होते, उजवा डाव्या पायात, डावा उजव्यात. मरण बूट उलटे घालत नाही. पोरं होती ती. कुणाच्या तरी घरची धडधाकट पोरं, सोंग घेतलेली. तिचे हात चौकटीवरून सैल पडले. आणि तेवढ्यात ती पांढरी चादर वाकली, ताटातला एक वडा उचलला आणि तिघं अंगणातून पळाली.

ती ताटाकडे पाहत राहिली. उतारा ज्याने खाल्ला, त्याच्या अंगावर सगळं जातं. हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. गावात पोर चालायला लागलं की आधी चौकातल्या गोष्टीला हात लावू नको हेच सांगतात. या पोराला कोण सांगणार होतं?

आणि मग तिला जे वाटलं, त्याची तिला पुढे कित्येक वर्षं लाज वाटत राहिली. तिला वाटलं, गेलं. सुटला माझा लोटन. चौकात जायचं होतं ते चालत्या पायांनी गेलं. दार लावून घ्यावं आणि पोराजवळ जाऊन बसावं. कुणी पाहिलं नाही, कुणाला कळणारही नाही. एक हात कडीवर होता. आत लोटनचा श्वास जड चालला होता. बाहेर रस्त्यावर कुठेतरी पोरं खिदळत होती, आणि त्यात एक आवाज अगदी लहान होता. तिच्या लोटनएवढा.

एकाच घराचे दोन भाग होते. शेजारच्या भागात मालकीण राहायची, मिसेस हॅन्सन नावाची म्हातारी. जसोदाने तिचं दार ठोठावलं, हाताला धरून तिला लोटनच्या खाटेशी आणून बसवलं आणि बाहेर पडली. म्हातारी मागून काहीतरी विचारत होती.

रस्ता सोंगांनी भरला होता. कुणी डाकू, कुणी राजकन्या, आणि पांढऱ्या चादरी तर चहूकडे. जसोदा प्रत्येक चादरीचे पाय पाहत धावली. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता, कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलं होतं. पोरींच्या एका घोळक्याने तिला पाहून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हिने सगळ्यांत छान सोंग घेतलं आहे.

कोपऱ्यापलीकडच्या दिव्याखाली तिला ते उलटे लाल बूट दिसले. चादर डोक्यावरून मागे टाकलेली, आत पिंगट केसांचा, चार-पाच वर्षांचा मुलगा. शेजारी हॅट घातलेला एक उंच माणूस, त्याचा बाप असावा. मुलाच्या हातात वडा होता. एका बाजूने चावलेला.

जसोदाने पुढे होऊन तो वडा हातातून काढून घेतला. पोराने भोकाड पसरलं. बापाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने. तिच्याजवळ दोनच शब्द होते. "नो," ती म्हणाली. "नो ईट." आणि पोराच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

ते शब्द चुकीचे पडले, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्याने झटक्यात पोराच्या तोंडात बोट घालून उरलेला घास बाहेर काढला, हातरुमालात धरला आणि दुसऱ्या हाताने तिचं मनगट पकडलं. आजूबाजूची माणसं थांबली. एका बाईने आपल्या मुलीला मागे ओढलं. काय होतं त्यात, हे तो विचारत होता. भाषा येत नसली तरी तेवढं कुणालाही कळलं असतं. काय घातलंस तू त्यात?

जसोदाने मोकळ्या हातातला वडा पाहिला. चौकात ठेवला तर पोराला चिकटलेलं तो परत घेईल का, तिला ठाऊक नव्हतं. उष्टा झालेला उतारा चौक घेत नाही, असं म्हणतात. कुणीतरी माणसानेच घ्यायला हवा होता.

तिने तो त्या माणसाच्या डोळ्यांसमोर तोंडात घातला. चावला. गिळला. त्याने बोटाने काढून हातरुमालात धरलेला घासही उचलला आणि खाल्ला.

माणसाची पकड सुटली. त्याला वाटलं, विष नाही हे ती दाखवते आहे. तो शरमला, हॅट काढून पुन्हा पुन्हा माफी मागू लागला. पोराने रडं थांबवून पिशवीतली एक टॉफी तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही. त्या मुलाशी आता आपलं काही देणंघेणं नको, असं तिला वाटलं.

परत आली तेव्हा मिसेस हॅन्सन लोटनच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. जसोदाने ताट उचललं, चौकात नेलं, रिंगण ओढलं. रतिलाल आला तेव्हा ती न जेवता बसून होती. त्याने ऐकून घेतलं आणि समजावत राहिला, ताप म्हणजे जंतू, औषध लागू पडायला वेळ जातो. ती हो म्हणत राहिली.

ताप दोन दिवसांनी उतरला तो पुन्हा चढला नाही. लोटनने पाणी मागितलं, मग भात मागितला. पण जसोदाने त्या आठवड्यात गोड केलं नाही. ती रोज सकाळी शाळेच्या वाटेवर जाऊन उभी राही. तो पिंगट केसांचा मुलगा एके दिवशी दिसला, आईचा हात सोडून पुढे धावताना. त्या संध्याकाळी तिने शिरा केला. आता राहिली ती एकटी. आपलं आपण बघून घेऊ, असं तिने ठरवलं.

एकोणसत्तरला ती गावी परतली. पहिल्या रात्रीची जेवणं उरकल्यावर तिने तापीबाईंना सगळं सांगितलं, कडीवरच्या हातासकट. म्हातारी शेवटी म्हणाली, "ते पोर बरं शे ना?"

"बरं शे, माय."

"आनि तू?"

"अजून तं काही नही."

तापीबाई उठल्या. मोठ्या माणसाची, त्यातून सुनेची, दृष्ट त्या घरात कुणी काढत नसे. त्यांनी मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या, जसोदाला चुलीपुढे पाटावर बसवलं आणि डोक्यापासून पायापर्यंत मूठ उतरवत राहिल्या, पुन्हा आणि पुन्हा, हात दुखायला लागेपर्यंत.

"माय, पुरे," जसोदा म्हणाली.

"बस तू," म्हातारी म्हणाली, "मन्हं नही व्हयनं अजून."