नाखव्यांची नदी

दर शुक्रवारी सकाळी मस्कतमधल्या अझैबाच्या किनाऱ्यावर, पाणी मागे गेलं की ओल्या वाळूत नाखवा एक नदी काढायचे. गळाच्या काठीच्या बुडानं आधी एक लांब वळणदार रेघ, मग तिला दोन फाटे, मग डोह दाखवायला टाचेनं केलेले खळगे. समोर अख्खा समुद्र पसरलेला असताना हा माणूस त्याच्याकडे पाठ करून वाळूतल्या नदीत तासभर रमलेला असे. नदी स्कॉटलंडमधली होती. नाखव्यांनी ती कधी पाहिलेली नव्हती, पण कुठल्या वळणावर सॅमन विसावतो आणि कुठल्या दगडाआड ट्राऊट दडून बसतो, हे ते आम्हाला आपल्या परसातली विहीर दाखवावी तसं दाखवायचे. बोलताबोलता लाट यायची आणि नदी पुसून जायची. पुढच्या शुक्रवारी ते ती नव्यानं काढायचे, आणि दर वेळी तिला एखादं वळण वाढलेलं असायचं.

नाखवा हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर होते आणि त्यांच्या मालकीची साधी होडीही कधी नव्हती. पण जन्म वेंगुर्ल्याचा, त्यामुळे किनाऱ्यावर जाळं ओढणारे ओमानी कोळी दिसले की यांना सूचना दिल्याशिवाय राहवत नसे. ते बिचारे हसून 'नोखदा, नोखदा' म्हणायचे. तिकडे होडीच्या मालकाला, कप्तानाला तसं म्हणतात. आम्ही त्याचा नाखवा केला. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा अजय. नाखवा आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मी डोंबिवलीची, मासे आवडीनं खाणारी, पण तो मासा आधी पाण्यात असतो याचा फारसा विचार न केलेली. तो विचार करायला मला नाखव्यांनी लावलं.

कुठल्याही सहलीचा बेत ते जेवणापासून सुरू करत. "आधी जेवचा काय ता ठरव, मगे खय जावचा ता," असं ते म्हणत आणि तसंच वागत. निझवाला जायचं ठरलं तेव्हा किल्ला कधी पाहायचा हे कुणालाच माहीत नव्हतं, पण सोबतच्या घावण्यांबरोबर कुठली चटणी द्यायची यावर दोन शुक्रवार गेले होते. नाखव्यांचा स्कॉटलंडला मासे धरायला जायचा बेतही तिरफळांपासूनच निघाला. माशाच्या आमटीसाठी तिरफळं आणि सोलं वेंगुर्ल्याहून मागवून झाली, आणि मग अजयनं इंटरनेटवर वाचून सांगितलं की त्या नदीत शरद ऋतूत पकडलेला सॅमन परत पाण्यात सोडावा लागतो. नाखव्यांनी गळाची दोरी गुंडाळून ठेवली. मला वाटलं, बारगळला बेत. मग ते म्हणाले, "सोडूचो तर सोडूया. ट्राऊट तरी खावक देतत मां?" एखादा ट्राऊट ठेवायला हरकत नसावी, असं अजय म्हणाला. "खलास," नाखवा म्हणाले, आणि तिरफळं सामानात राहिली.

त्यांचा खरा राग होता तो आमिषावर. त्या नदीत कोळंबी चालत नाही, तारली चालत नाही. पिसं आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी पाण्यावर नाचवायची. "पिसां खावक मासो काय येडो आसा?" असं म्हणून त्यांनी तो प्रकार दोन महिने धुडकावला. मग एक दिवस मी वर गेले तर डायनिंग टेबलावर कोंबडीची पिसं, काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, शिवणाच्या डब्यातला लाल रेशमी दोरा आणि डोळ्यांवर दोन चष्मे चढवून बसलेले नाखवा. माशी बांधणं चाललं होतं. पहिल्या दहाबारा माश्या झुरळांसारख्या झाल्या. नंतरच्या इतक्या देखण्या झाल्या की मी एक ब्रोच म्हणून मागून घेतली. माशी फेकण्याचा सराव किनाऱ्यावर चाले. समुद्रावरून वारा आला की दोरी मागे वळायची, आणि एकदा तिनं अजयच्या डोक्यावरची टोपी उचलून लाटांमध्ये टाकली. "बघ, कशी अल्लद उचलली," नाखवा म्हणाले. टोपी गेली याचं त्यांना काहीच नव्हतं.

थंडीचाही सराव झाला. इतकी वर्षं मस्कतच्या उन्हात काढलेल्या माणसाला स्कॉटलंडचं पाणी कसं सोसायचं, ही माझी काळजी होती, त्यांची नव्हती. ऐन जुलैत मी दार वाजवलं तर एसी सोळावर, अंगात दोन स्वेटर, आणि खाली छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून नाखवा सोफ्यावर बातम्या बघत बसलेले. पाण्यात उभं राहायला तसली विजार लागते. "काका, बाहेर पंचेचाळीस आहे," मी म्हटलं. "म्हणान तर," ते म्हणाले. त्यांनी मला चहा करायला लावला, कारण त्या विजारीत त्यांना स्वयंपाकघरापर्यंत चालता येत नव्हतं.

हे सगळं कशासाठी चाललंय हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांची मुलगी मुक्ता स्कॉटलंडमध्ये एका हॉस्पिटलात डॉक्टर होती. तिच्या शेवटच्या परीक्षेच्या वेळी काकू आजारी पडल्या, आणि आजार बरा होणारा नाही हे काकूंना पहिल्या आठवड्यातच कळलं. त्यांनी नाखव्यांना शपथ घातली की पोरीची परीक्षा होईपर्यंत तिला काही सांगायचं नाही. नाखव्यांनी ती पाळली. फोनवर रोज "आई बरी आहे, झोपली आहे" असं सांगत राहिले. मुक्ता पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती आठवडाभर राहिली, वडिलांशी कामापुरतं बोलली आणि परत गेली. त्यानंतर बापलेकीचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" आणि "जेवले." नाखव्यांचा लांबलचक मेसेज गेला की उलट एक अंगठा यायचा. मला त्या अंगठ्याचा भयंकर राग यायचा. नाखवा मात्र फोन बाजूला ठेवून म्हणायचे, "वाचल्यान ता."

मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, सरळ जा, तिच्यासमोर बसा आणि काय ते बोलून टाका. त्याला नदी कशाला हवी?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अगो शुभा, माणसाक समोर बसवन इचारला तर ता गप रवता. गरी टाकून बाजूक बसव, आपसूक बोलाक लागता." मुक्ता लहानपणी याच किनाऱ्यावर त्यांच्याशेजारी बसायची. शाळेत सगळं इंग्रजी, घरी मराठी बोलताना अडखळायची, पण हातात दोरी आली की शाळेतली भांडणं, बाईंची नक्कल, सगळं जमेल त्या भाषेत बाहेर यायचं. हे सांगताना नाखव्यांच्या आवाजात जराही शंका नव्हती. पोर बोलेल, एवढं त्यांच्या बेतात पक्कं धरलेलं होतं. शंका होती ती मला.

सप्टेंबरचा शेवट ठरला, कारण तेव्हा ट्राऊटचा मोसम संपत आलेला असतो आणि सॅमन समुद्रातून वर चढत असतो. दोघंही एका फेरीत भेटतात. त्याच सुमारास नाखव्यांची नोकरीही संपत होती. मस्कतचं घर रिकामं करून, स्कॉटलंडमार्गे ते वेंगुर्ल्याला कायमचे जाणार होते. मुक्ताला शनिवार-रविवार मोकळा मिळत होता. आता दोन दिवसांत कुठला मासा कधी, हा प्रश्न. नाखव्यांनी वाळूत नदी काढून निर्णय दिला: शनिवारी सुट्टीची गर्दी असणार, तेव्हा ट्राऊट. "आयतवारी सगळे कामार. नदी मोकळी. आयतवारी सॅमन." मी आणि अजयनं माना डोलावल्या. एवढी वर्षं शुक्रवार-शनिवार घरी आणि रविवारी सकाळी ऑफिसात पोचणाऱ्या आम्हा तिघांना रविवार हा कामाचा वार वाटला, यात नवल ते काय. नाखव्यांनी तो सगळा बेत तिथेच उभ्याउभ्या बोलून मुक्ताला पाठवून दिला, रविवारच्या मोकळ्या नदीसकट.

अंगठा आला नाही. आम्ही थर्मासमधला चहा ओतत होतो आणि फोन वाजला. नाखव्यांचे हात आमिषानं बरबटलेले, म्हणून अजयनं स्पीकर लावून फोन त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, हे काय पाठवलंस तू? संडेला सॅमन नाही पकडू शकत."

"कित्याक?"

"लॉ आहे इथे. खूप जुना लॉ. संडेला सॅमन बंद. आणि संडेला कोण कामावर असतं?"

"सगळे."

"बाबा, ते मस्कतला." मग ती हसायला लागली. आधी दाबून, मग दाबता येईना तशी मोठ्यानं. "नदी मोकळी असणार म्हणे. असणारच. बाबा, आपण दोघं एकटेच तिथे उभे, आणि आपल्याला पकडायला पोलीस."

ते हसणं काकूंचं होतं. तसंच, शेवटी श्वास अडकून खोकला येणारं. नाखव्यांनी बरबटलेल्या हातांनीच फोन अजयकडून घेतला, स्पीकर बंद करायचं त्यांना सुचलं नाही, आणि ते म्हणाले, "मगे सोमवारी?" मुक्ता म्हणाली, सोमवारी तिची ड्यूटी आहे. मग म्हणाली, "बघते. कुणाशी तरी स्वॅप करते."

त्यानंतर बेत त्या दोघांचा झाला. रोज फोन. काठी कुठली, माशीचा रंग कुठला, पाऊस झाला तर पाणी गढूळ होतं का, रबरी विजार विमानात न्यावी की तिथे भाड्यानं घ्यावी. मुक्ता त्यांच्या माश्यांचे फोटो हॉस्पिटलातल्या एका मासेमार डॉक्टरला दाखवायची आणि तो काय म्हणाला ते कळवायची. शुक्रवारी किनाऱ्यावर आम्ही दोघं नुसते चहा प्यायला उरलो. मला थोडी असूया वाटली, हे लपवत नाही. पण काकूंबद्दल त्या सगळ्या फोनांमध्ये एक अक्षर निघालं नव्हतं, हेही मला माहीत होतं.

विमानतळावर त्यांना सोडायला आम्ही गेलो. सगळा संसार आधीच वेंगुर्ल्याला रवाना झालेला. हातात फक्त एक बॅग आणि काठ्यांची लांब पिशवी. मी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "काका, तिनं विचारलंच नाही तर?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "इचारतली गो," ते म्हणाले. मग पुढे, माझ्याकडे न बघता, "आणि इचारल्यान तर मी काय सांगतलंय, ता पण ठरलेला आसा." काय ते मी विचारलं नाही. ते वळून न बघता आत गेले. घरी परतल्यावर वरचा मजला अंधारात बघून मला फार एकटं वाटलं.

सोमवारी दुपारी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी काढत होते तेव्हा मुक्ताचा फोन आला. इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच फोन केला होता. वारा आणि पाण्याचा आवाज एवढा होता की मी काचा वर केल्या.

"शुभामावशी, बाबा वर गाडीत कपडे बदलतोय. म्हणून पटकन करतेय. मी त्याला विचारलं."

"काय विचारलंस?"

"आईने मला का नाही बोलावलं. मला वाटलं तो म्हणेल, आईची शपथ होती. तेच म्हणाला होता ना तेव्हा. आज तसं नाही म्हणाला. आज म्हणाला, शपथ तिची होती, पण फोन माझ्या हातात होता. मी करायला हवा होता. माझं चुकलं, मुक्ता. असं म्हणाला."

"मग?"

"मग मला काही बोलताच येईना. मराठीत पण नाही, इंग्लिशमध्ये पण नाही. आणि तेवढ्यात माझ्या लाईनला सॅमन लागला. इतका मोठा, मावशी. बाबा ओरडायला लागला, सैल सोड, सैल सोड, आणि मी रडत होते आणि लाईन सोडत होते."

"पकडलास?"

"पकडला. मग सोडायचा असतो ना. पण लगेच नाही सोडत. तो दमलेला असतो. त्याला पाण्यात दोन्ही हातांनी धरून ठेवायचं, तोंड प्रवाहाकडे करून, परत ताकद येईपर्यंत. बाबाने धरला. खूप वेळ लागला. पाणी इतकं थंड आहे, त्याची बोटं निळी पडली. मी म्हटलं, बाबा, सोड आता. म्हणाला, अजून नाही, अजून त्याचा तो पोहत नाहीये. मग मी पण खाली बसले आणि त्याच्या हातांखाली माझे हात घातले. आम्ही दोघांनी धरला, मावशी. तो गेला तरी आम्ही हात काढले नाहीत."